मी पिस्तूल पुसत होते

पुंडलिकनगर, ४ ऑगस्ट

आत्याबाई,

नमस्कार तुम्ही दारात आल्यावर करीन. आधी फोन चालू करा. सारखा लावते आणि सारखं 'बंद आहे' ऐकते. शिवराज भाऊजींना लावला तर म्हणतात, "आई गोठ्यात हाय, मंग करती." गोठ्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू. त्यांचं एवढं काय काम निघतं हो सारखं? मी फौजदार आहे, टाळाटाळ मला लांबून कळते. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला 'गोठ्यात हाय' सांगता येत नाही.

तुम्ही गंगापूरच्या एसटीत बसून निघून गेलात. मला तुमचा राग आलाय, तो आधी लिहून मोकळी होते. सून ज्या पोलीस ठाण्यात नोकरी करते तिथं सासूनं जायचं, सुनेच्या साहेबाला भेटायचं आणि सुनेच्या हातातलं पिस्तूल काढून घ्यायला लावायचं, हे मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. लोक घरातलं भांडण चव्हाट्यावर नेतात. तुम्ही ते थेट ठाण्यात नेलंत.

पुढं काय झालं तेही ऐका. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, काल तुमच्या सासूबाई येऊन गेल्या. आजपासून ड्युटी संपली की पिस्तूल इथं जमा करायचं, घरी न्यायचं नाही." ते अजून काही सांगत होते, पण मी ऐकून घेतलं नाही. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. केबिनचं दार उघडं होतं आणि तक्रार द्यायला आलेली माणसं आपलं गाऱ्हाणं विसरून माझंच ऐकत बसली होती. टेबलावरच्या फायली खाली पडल्या. मी म्हणाले, चुकून पडल्या.

त्याचं फळ असं. माझ्याकडचे सगळे तपास काढून घेतले. मला पासपोर्टच्या टेबलावर बसवलं. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडून 'कामास योग्य' असा दाखला आणायचा, तो येईपर्यंत पिस्तूलही नाही आणि तपासही नाही. सगळं ठाणं हसतंय. म्हणे, फौजदारीणबाईंची बंदूक सासूनं जप्त केली.

त्या दुपारी मी पिस्तूल पुसत होते. एवढंच. पुसणं हा आमच्या नोकरीचाच भाग असतो. तुम्ही चहाचं विचारायला आलात आणि काय समजून बसलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. साहेबांनी बोलावलं त्या संध्याकाळी मी तुम्हाला "माझ्या घरात खबरी म्हणून राहता का" असं विचारलं. ते शब्द मी मागं घेत नाही.

रेवा रोज शाळेतून आली की आधी तुमच्या खोलीत डोकावते. मी तिला सांगितलं, आजी का गेली ते आजीलाच विचार.

तनुजा


११ ऑगस्ट, ठाण्यातून

आत्याबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. मला लिहायला वेळच वेळ आहे, त्याची सोय तुम्हीच करून दिलीत.

दिवसभर दुबईला नाहीतर सौदीला निघालेली पोरं समोर येतात. त्यांच्याविरुद्ध गुन्हा नाही, वर्तन चांगलं आहे, असं मी लिहून देते. सगळ्या जगाचं वर्तन चांगलं आहे. माझं चांगलं आहे असं लिहून देणारा मात्र कुणी सापडेना. सकाळी कॉन्स्टेबल सगीरा समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, टेबल हिलरा." टेबलाखाली माझा पाय थडथडत होता. धरून ठेवला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू.

तुम्ही जायच्या आधी आपलं आणखी एक वाजलं होतं, तो पिवळ्या ड्रेसचा विषय. रेवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाची बैठक होती. ती म्हणाली, आई तो पिवळा ड्रेस घालून ये, त्यात तू छान दिसतेस. मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. ती रडली. तुम्ही म्हणालात, "लेकरानं कापड मागितलं, जीव न्हाय मागितला तुझा." मी तणतणत निघून गेले. का गेले ते सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज माझ्यापुढं एकही माणूस नाही आणि हात मोकळा राहिला की मला भीती वाटते.

लहान मुलीवर अत्याचार झाला की तिचा जबाब बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, आणि वर्दीत घ्यायचा नाही, साध्या कपड्यात. पोर घाबरू नये म्हणून. कायदा चांगला आहे. पण आमच्या ठाण्यात बाई अधिकारी मी एकटी. म्हणून तो पिवळा ड्रेस माझ्या ठाण्यातल्या कपाटात असायचा. पोर आली की वर्दी उतरवायची, ड्रेस घालायचा, खाली सतरंजीवर तिच्याजवळ बसायचं. जबाब झाला की पुन्हा वर्दी. मग बाहेर मोर्चा असला तर मोर्चा, मंत्री असला तर मंत्री. उन्हाळ्यात एक दिवस असा आला की मी दिवसभर नुसती कपडेच बदलत होते. संध्याकाळी मला आठवेना की अंगात काय आहे. खाली बघावं लागलं.

पुढं तो ड्रेस धुवायला म्हणून घरी आणला. दोरीवर वाळत घातला तो तुम्हीच. रेवाला तो आईचा छान ड्रेस वाटला, त्यात तिची चूक नाही.

त्यातली एक पोर माझ्या मांडीवर कोपर टेकून म्हणाली, "तू पोलीस हाय का?" मी म्हणाले, नाही गं, मी मावशी आहे. मग तिनं सगळं सांगितलं. मावशी समजून सांगितलं. नंतर ती आईचा हात धरून बाहेर आली आणि मी वर्दीत व्हरांड्यात उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, आत्याबाई. ओळखलं आणि तोंड फिरवलं.

थांबा, साहेब बोलावतायत.

काही नव्हतं. पासपोर्टच्या एका अर्जावर शिक्का उलटा मारला होता मी.

वरचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग सोड नोकरी. तसं म्हणू नका. मी बंदोबस्ताला दिवस दिवस पाणी न पिता उभी राहिलेय, कारण बायांना जायला जागा नसते. हे पद मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. मला माझं पिस्तूल आणि माझे तपास परत पाहिजेत. दुसरं काही नको.

तनुजा


१९ ऑगस्ट

आत्याबाई,

शिवराज भाऊजी काल चिकलठाण्याला कामाला आले होते, जाता जाता तुरीची डाळ आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून गेले. पिशवी उलटी करून झटकली, तळाशी चिठ्ठी असेल म्हणून. नव्हती. भाऊजींना विचारलं, आत्याबाई काय म्हणाल्या? ते म्हणाले, "काय न्हाय. एवढंच इचारलं, तनुजा जेवती का." मी सांगितलं, जेवते म्हणावं.

जेवते मी. डबा परत येतो ती गोष्ट निराळी. झोपही येते. डोळे मिटले की येते, मग मी उठून कड्या बघून येते, मग पुन्हा येते. एकदा बघून माझं समाधान होत नाही. त्यात काय एवढं? पोलिसाच्या बायकोला, पोलिसाच्या आईला नाही का असली सवय? आमच्या घरात पोलीस मीच आहे, म्हणून सवय मलाच.

विश्वजीत रोज चितेगावहून कंपनीतून येतात, भाजी चिरतात, रेवाचा अभ्यास घेतात. माझ्याशी असं हळू बोलतात, जणू मी तापाची पेशंट आहे. परवा सेव्हन हिलच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी स्कूटीवरून उतरले आणि त्याची कॉलर धरली. साध्या कपड्यात होते. तो "बाई, हिरवा लागलाय, बाई, हिरवा लागलाय" करत होता आणि खरंच लागला होता. मागं बसलेल्या विश्वजीतनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

दवाखान्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. सगीरा माझी तयारी करून घेतेय. तिलाही एकदा असंच पाठवलं होतं. म्हणते, "मॅडम, कायकू टेन्शन लेरे? डॉक्टर पूछते, नींद आती क्या? बोलने का, मस्त आती. भूक लगती क्या? लगती. रोना आता क्या? कायकू आता, नै आता. बस, लिख के देते." मी म्हटलं, तुला खरंच झोप येत होती का तेव्हा? ती हसली. "नींद का क्या है मॅडम, नौकरी रहना." आणि बादलीभर कपडे पिळल्यासारखे हात झटकून निघून गेली.

तेव्हा मी पास होणार. दाखला येईल, पिस्तूल येईल, तपास येतील. मग तुम्ही साहेबांकडं जाऊन काय सांगितलंत ते मी तुम्हाला समोर बसवून विचारणार आहे. माझी सून वेडी झाली, असं सांगितलंत ना? दुसरं काय सांगणार?

यंदा महालक्ष्म्या कुठं बसवायच्या, तेही कळवा. मुखवट्यांचा डबा फळीवर नाही. तुम्ही नेलात का?

तनुजा


२६ ऑगस्ट

आत्याबाई,

आज सकाळी साहेबांनी गाठलं. उद्या गणपती बसणार, आवारात बंदोबस्ताच्या गाड्या भरत होत्या. पोरी काठ्या, शिट्ट्या घेऊन चढत होत्या आणि मी पासपोर्टच्या अर्जांचा गठ्ठा छातीशी धरून एका बाजूला उभी होते. साहेब म्हणाले, "मॅडम, राग उतरला असला तर एक सांगू का? त्या दिवशी तुम्ही मला पुढचं बोलू दिलं नाही."

म्हटलं, सांगा.

"तुमच्या सासूबाईंनी तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. बाकावर बसल्या, पाणी पण घेतलं नाही. म्हणाल्या, साहेब, माझाच जीव लई भित्रा हाय. घरात बंदूक असली की माझ्या पोटात गोळा उठतोय, घास गिळंना. लेकरू बी लहान हाय. सुनंला बोल लावू नका, पर तेवढी बंदूक हितंच ठिवून घ्या. मी म्हटलं, आजी, एवढंच ना? ठेवून घेतो. डॉक्टरांकडं तुम्हाला मी पाठवलं, ते तुम्ही केबिनमध्ये जे केलंत ते पाहून. त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही."

मी सॅल्यूट करून आत आले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तुम्ही भित्र्या? मामंजी होते तेव्हा रानडुकरांसाठी घरात परवान्याची दुनळी होती. लग्न होऊन मी आले त्या वर्षी तुम्ही ती ओसरीवर घेऊन बसला होतात. मांडीवर बंदूक, बाजूला तेलाची वाटी, पदर खोचलेला. मी नवी नवरी, नुकतीच भरती झालेली, मोठ्या रुबाबात म्हणाले, जपून हं आत्याबाई. तुम्ही ती मोडून उघडलीत, दोन्ही नळ्यांतून माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "आधी मोकळी करायची, मंग फडकं लावायचं. तुमच्या शाळंत न्हाय शिकिवलं व्हय?"

तुम्हाला बंदुकीची भीती वाटत नाही. तुम्ही साहेबांसमोर खोटं बोललात. मला वेडी ठरवायचं नव्हतं म्हणून स्वतःला भित्री ठरवून घेतलंत. आणि वर माझ्याकडून 'खबरी' ऐकून घेतलंत. पिशवी भरली आणि निघालात.

म्हणजे त्या दुपारी मी पिस्तूल पुसत नव्हते, हे तुम्हाला दारातूनच कळलं होतं.

याच्यापुढं लिहिता येत नाही आज.

तनुजा


४ सप्टेंबर

आत्याबाई,

दवाखान्यात जाऊन आले. तुम्ही बसला असाल तर बसूनच वाचा.

डॉक्टर माझ्याहून लहान असतील. शांत माणूस. माझ्याकडं सगीराची सगळी उत्तरं तयार. त्यांनी विचारायला सुरुवात केली, झोप. मी म्हणाले, मस्त येते. भूक. लागते. कामावर राग, चिडचिड. नाही. ते लिहीत गेले. मग म्हणाले, "कधी असं वाटलंय का, की आपण..." आणि मी म्हणाले, नाही.

त्यांचं वाक्य अजून व्हायचं होतं.

मी इतके जबाब घेतलेत, आत्याबाई, की पढवून आणलेला साक्षीदार मला एका गोष्टीवरून कळतो. तो प्रश्न संपायची वाट बघत नाही. त्याला उत्तर द्यायचं नसतं, ते अंगावरून उतरवायचं असतं. असा साक्षीदार समोर आला की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, पाणी पी, मग खरं सांग. तिथं मला असं म्हणणारं कुणी नव्हतं. डॉक्टर दाखल्यावर सही करायला वाकले होते. पेन कागदाला टेकलं होतं. ती सही झाली असती तर संध्याकाळी पिस्तूल माझ्या कमरेला असतं, आणि ड्युटी संपली की मी भांडून ते घरी आणलं असतं. मी मला ओळखते.

मी म्हणाले, डॉक्टर, थांबा. सही करू नका.

मग सांगितलं. की त्या दिवशी सकाळी एका पोरीचा जबाब घेतला होता आणि दुपारी मी घरी आले. रेवा शाळेत होती. मी पलंगावर बसले. तेल, फडकं काढून ठेवलं, कुणी आलं तर दिसावं म्हणून. गोळ्यांचं मॅगझिन काढलं नाही. पिस्तूल पुसताना मॅगझिन लावून कुणी ठेवत नाही, पहिल्याच दिवशी शिकवतात ते. पिस्तूल माझ्या हनुवटीखाली होतं. मला मरायचं होतं का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळं थांबावं, एवढंच वाटत होतं. आणि सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "तनुजा, चहात आलं घालू का?"

त्या ओरडल्या नाहीत. जवळ येऊन बसल्या. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच खाली मांडीवर आणला. म्हणाल्या, "घालते आलं. घसा बसलाय तुझा." माझ्या हातातून पिस्तूल सोडवून पदराखाली घेतलं आणि चहा ठेवायला गेल्या. ते त्यांनी ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला काढून दिलं. नळीत ज्वारीचा दाणा अडकलेला. त्या दिवशी मात्र मी ते खरंच पुसलं.

हे सगळं सांगताना मी रडले. मोठ्यानं रडले, बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू गेलं असेल. जाऊ दे. डॉक्टरांनी दाखल्याचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "बरं झालं, सांगितलंत."

दाखला मिळाला नाही. गोळ्या सुरू केल्यात, रजा लिहून दिलीय, दर आठवड्याला जायचंय. पिस्तूल ठाण्यातच राहणार, किती दिवस ते त्यांनाही सांगता येत नाही. तपास दुसऱ्या ठाण्यातल्या एका मॅडमकडं दिलेत. मला आज फार लाज वाटतेय, आणि भीतीही. सगीराला सांगितलं तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मेरेकू भी लेके चलो मॅडम, अगली बार." विश्वजीतना सांगितलं तेव्हा त्यांनी चिरत असलेली भेंडी ताटात ठेवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांना तुम्ही सांगितलं नव्हतंत. मुलालासुद्धा नाही.

म्हणून साहेब पुन्हा कधी भेटले तर आता भित्रेपणाचं सोंग करू नका. जे झाकायला तुम्ही ते घेतलंत, ते मीच उघडं केलंय.

एक राहिलं. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "काही दिवस एकटं राहू नका. घरात दिवसा सोबत कोण..."

मी म्हणाले, सासूबाई असतात.

पुन्हा वाक्य संपायच्या आत म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. सगळ्या जबाबात एवढं एकच खोटं राहिलंय, आत्याबाई. ते खरं करायला या.

तुमची,
तनुजा